क्रेनवरचा होयबा

जेवताना माझ्या मेहुण्याने पाण्याचा पेला ताटाच्या डाव्या बाजूला सरकवला, त्याच्यावर चमचा आडवा धरला आणि हवामानाची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "दाजी, आज दोनदा मला काही समजलं नव्हतं. मी हो म्हणालो."

घास माझ्या हातातच राहिला. पेला म्हणजे लिफ्टचा खड्डा आणि चमचा म्हणजे त्याच्या क्रेनचा दांडा, हे मला विचारावं लागलं नाही. मी सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्यांचा साचा ठोकणारा सुतार. त्या आठवड्यात मी आणि माझी माणसं त्याच खड्ड्यात उभं राहून फळ्या ठोकत होतो. म्हणजे चमच्याच्या टोकाला जे काही लटकत होतं ते माझ्या टाळक्यावर होतं, आणि ते कुठे सोडायचं हे वर बसलेल्या माणसाला दोनदा कळलं नव्हतं.

माझी बायको, म्हणजे त्याची मोठी बहीण, म्हणाली की जेवताना कामाच्या गोष्टी नकोत. त्याने लगेच मान डोलावली, बारीकसा हसला आणि म्हणाला, "हो ताई, समजलं." चमचा पुसून जागेवर ठेवला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हा मेहुणा आमच्याकडेच राहतो. सासूबाई गेल्या तेव्हापासून. उंच, किडकिडीत, केस पुढून मागे गेलेले, शर्टाचं कॉलरजवळचं बटण कायम लावलेलं. घरात त्याचा त्रास म्हणाल तर काहीच नाही. चपला रांगेत, टॉवेल दोरीच्या त्याच कोपऱ्यात, मिक्सर लागला की हा कानावर हात ठेवून गच्चीवर. बाजारात बरोबर नेलं तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. मी लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझ्यावर रुसलाय. मेहुणाच तो, रुसण्याचा त्याला हक्कच आहे म्हणून मी चक्क समजूत काढायला गेलो, तर हा शांतपणे म्हणाला, "दाजी, तुम्ही खूप चांगले आहात, पण आत्ता बोलू नका."

साइटवर त्याला होयबा म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. कोणी काही सांगितलं की "हो, समजलं" हे उत्तर तयार. ह्या होपायी आमच्या घरात पाणी गाळायची तीन यंत्रं आहेत, कारण दारावर आलेल्या तिन्ही विक्रेत्यांना त्याने मान डोलावली होती. एकदा तर सोबत्याच्या लग्नाला तो भलत्याच गावी जाऊन बसला आणि तिथल्या लोकांनी वाढलं म्हणून जेवूनही आला. आम्ही हसायचो. तोही हसायचा, आमच्याकडे बघून, आमच्या मागोमाग.

हा हो कुठून आला ते माझ्या बायकोला चांगलं माहीत होतं. शाळेत मास्तर विचारायचे, "समजलं का?" आणि हा खरं सांगायचा, नाही. मास्तर पुन्हा सांगायचे, हा पुन्हा नाही. मग छडी, मग वर्गाचं हसू, मग मैदानात मुलांनी केलेला तमाशा. माझी बायको तेव्हा त्याच शाळेत वरच्या वर्गात. तिला ते बघवेना. तिने त्याला आरशासमोर बसवलं. मान इतकीच हलवायची, ओठ इतकेच ताणायचे, समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघायचं आणि म्हणायचं, हो, समजलं. तिने हे रोज घोटून घेतलं. मार थांबला. तेव्हा तिच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, यात मला शंका नाही.

आणि गंमत अशी की क्रेनच्या केबिनमध्ये त्या होची त्याला कधी गरजच पडली नाही. ती त्याची जागा होती. शिडी चढून वर गेला की खालचा कालवा निम्मा व्हायचा. काचेची खोली, एक खुर्ची, चालवायचे दोन दांडे, एक फडकं, खिळ्याला बाटली. तिथे तो तोंडातल्या तोंडात एकच सूर घोळवत बसायचा, आणि टाकीएवढा बोजा असा सोडायचा की खालच्या वाळूवर नुसता ठसा उमटावा. खाली उभा असायचा म्हातारा खलाशी, हूकला बोजा बांधणारा आणि इशारे देणारा. बोट वर करून फिरवलं की उचल. खाली करून फिरवलं की सोड. तळवा खाली करून हात आडवा हलवला की थांब. दोघं वर्षानुवर्षं एक शब्द न बोलता काम करत होते. दोघांचं इतकं जमायचं की मुकादम म्हणायचा, या दोघांचं लग्न लावून द्या.

मग खलाशाचे गुडघे गेले आणि तो लेकीकडे राहायला गेला. त्याच सुमारास नवे इंजिनिअर साहेब आले. त्यांनी हातवारे बंद केले, म्हणाले, हे जुनाट आहे. वॉकीटॉकी आल्या. एक साहेबांकडे, एक मुकादमाकडे, एक नव्या खलाशाकडे, आणि चौथी वर. तिघंही एकाच वेळी बोलायचे. मध्येच साहेब सिमेंटच्या गाडीवाल्याला झापायचे, तेही वर ऐकू जायचं. माझ्यासारख्याला त्यातून आपल्या कामाचं तेवढं उचलता येतं. माझ्या मेहुण्याला येत नाही. त्याच्या कानात सगळे आवाज एकाच मापाचे शिरतात, आणि गर्दी झाली की शब्दांचे नुसते आवाज उरतात. अशा वेळी शाळेत जे कामी आलं तेच तो वापरू लागला.

त्यानंतर साइटवर बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. सळ्यांचा भारा चहाच्या शेडवरून गेला, जिथून तो कधीच जात नसे. मालाची बादली एका गवंड्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर टेकली आणि गवंड्याला कळलंसुद्धा नाही. लोक म्हणाले, होयबाचं आज लक्ष नाही वाटतं. मी मात्र काम करताना सारखा वर बघायला लागलो. मान दुखायला लागली. लाकूड कापताना सावली हलली तरी मी करवत थांबवायचो.

तिकडे त्याला रोज सकाळी उलट्या सुरू झाल्या. झोप उडाली. कंपनीच्या डॉक्टरने पोट तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही, तेव्हा त्याने एका समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला. चष्म्याच्या दुकानावरची ती खोली. पहिल्यांदा मीच घेऊन गेलो, थोडा वेळ आत बसलो आणि मग बाहेर बसून राहिलो. तिथे ट्यूबलाइट नव्हती, जाड पडदे होते, आणि खुर्च्या समोरासमोर न ठेवता शेजारी शेजारी खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या. तिथल्या बाई मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. एक वाक्य बोलून झालं की थांबायच्या. इतकं थांबायच्या की मलाच चुळबुळ व्हायची. आणि मग माझा मेहुणा बोलायचा. मी बंद दाराबाहेर बसून त्याचा आवाज ऐकत होतो आणि मला नवल वाटत होतं की हा इतका वेळ बोलतोय कुणाशी.

काही भेटींनंतर, तपासण्या झाल्यावर, बाईंनी त्याला आणि त्याच्याच सांगण्यावरून मला नाव सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द तेव्हाही पटला नाही. समोरच्याचा चेहरा वाचण्यात या माणसाचा जन्म गेला, स्वतःत मग्न व्हायला त्याला सवड कुठे मिळाली? बाई म्हणाल्या, त्याच्यात दुरुस्त करण्यासारखं काही मोडलेलं नाही. तो दमलाय, कारण दिवसभर तो दुसऱ्याच कुणाचं तरी सोंग घेऊन वावरतो. ते सोंग जिथे जिथे उतरवता येईल तिथे उतरवू. पण कुठे उतरवायचं ते तो ठरवेल, मी नाही आणि तुम्हीही नाही.

मग त्याच खोलीत शनिवारची बैठक सुरू झाली. सगळी त्याच्यासारखीच, वयाने मोठी माणसं. एक शिवणकाम करणारी बाई, जी बोलताना पुढे-मागे झुलायची. एक ग्रंथपाल, जो टोपी काढत नसे. एक परिचारिका, जिला एका जागी बसवत नसे म्हणून ती उभ्यानेच सगळं ऐकायची. तिथे कोणी कुणाला नीट बस म्हणत नव्हतं. त्यांनी माझ्या मेहुण्यासाठी एक सराव काढला. प्रत्येकाने त्याला काहीतरी अगम्य सांगायचं, आणि त्याने म्हणायचं, "थांबा. नाही समजलं." पहिल्या शनिवारी त्याला एकदाही जमलं नाही. तो हो म्हणायचा, आणि मग स्वतःच खाली मान घालायचा. त्यावर हसलं कोणी नाही, हे त्याने मला घरी येताना दोनदा सांगितलं.

घरी पहिल्यांदा तो शब्द बाहेर पडला तेव्हा माझी बायको कपडे वाळत घालण्याविषयी काहीतरी सांगत होती. तो म्हणाला, "थांब ताई. नाही समजलं." तिला वाटलं तो उलट बोलतोय. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली. मी समजवायला गेलो तर माझ्यावरच घसरली. म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून त्याला त्या शिडीवरून खाली आणणार आहात. एकदा तिथे नाही म्हणाला की संपलं. वेड्यात काढतील त्याला. मी त्याला इतकी वर्षं सांभाळलं ते काय यासाठी?"

मी आवाज चढवला. म्हणालो, तुझा भाऊ वर आहे आणि मी खाली आहे, हे विसरू नकोस. त्याचा एक हो चुकला तर तुला मला ओळखायला बोलावतील. असं बोलायला नको होतं, पण भीती मलाही होती, आणि ती एकट्याने पोटात घेऊन फिरायचा मला कंटाळा आला होता.

शेवटी बाईंनी तिला बोलावलं, अर्थात मेहुण्याला विचारून. ती गेली ती भांडायच्या तयारीनेच, आणि मीही बरोबर आत बसलो. तिने भावाला एका दमात सगळं ऐकवलं: नोकरी, घर, लोक काय म्हणतील, आईला काय वाटलं असतं. तो खिडकीकडे बघत होता. तिचं संपल्यावर त्याने मान डोलावली, ओठ ताणले आणि म्हणाला, "हो ताई, समजलं."

बाईंनी त्याला हळूच विचारलं, "ताई काय म्हणाल्या?"

तो म्हणाला, "माहीत नाही. तिचा आवाज रडका होता. तेवढंच कळलं."

बायको खुर्चीतच त्याच्याकडे वळली. मग तिने जे विचारलं ते माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. "आईच्या शेवटच्या वेळी डॉक्टर बोलले, मग मी तुला बाजूला घेऊन सगळं समजावलं. तू हो म्हणालास. ते तरी कळलं होतं ना?"

"नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी कळलं. सगळे आले तेव्हा."

ती रडली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण खुर्ची तिच्या खुर्चीला टेकेपर्यंत सरकवली आणि तसाच बसून राहिला. रस्त्याने परतताना ती मला म्हणाली, "मग आजवर तो मला जे जे हो म्हणाला, त्यातलं खरं किती?" तिने पुढे त्याला कधी अडवलं नाही.

तो साहेबांशी बोलायला स्वतः गेला. बाई बरोबर येते म्हणाल्या होत्या, त्याने मला नेलं. मागणं अगदी साधं: एका वेळी एकानेच बोलावं, आणि जमेल तिथे हाताने इशारे द्यावेत. कारणही त्याने सांगितलं, ऑटिझमचं नाव घेऊन. साहेब माणूस वाईट नव्हता. मोबाइलकडे बघत त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा मान हलवली, म्हणाले, हो हो, समजलं, बघतो मी. बाहेर आल्यावर मेहुण्याने मला विचारलं की साहेबांना खरंच समजलं का. ती मान, ते ओठ, मला ओळखीचे वाटले. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मलाही तसंच वाटलं.

पुढे काहीच बदललं नाही. उलट काम मागे पडलं म्हणून घाई वाढली, आणि घाईबरोबर वॉकीटॉकीवरची बडबड वाढली. आम्ही दोघं सकाळी एकत्र निघायचो. फाटकापाशी तो शिडीकडे वळायचा, मी खड्ड्याकडे. एकदा त्याने विचारलं, "दाजी, आज खड्ड्यातच?" मी हो म्हणालो. त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि निघून गेला.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी वारा होता. काँक्रीटची आख्खी भिंत, कारखान्यातून बनून आलेली, उचलून लिफ्टच्या खड्ड्याच्या कडेला उभी करायची होती. आम्हाला बाहेर या असं कोणीतरी सांगायला हवं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. आम्ही आत ठोकत होतो. एकाएकी खड्ड्यात अंधारलं. वर पाहिलं तर आभाळाच्या चौकोनात करडी भिंत, हळूहळू फिरत असलेली. माझी माणसं खड्ड्याच्या कडांना चिकटली. पळायला शिडी एकच, आणि तीही त्या लटकत्या भिंतीखाली.

काठावर मुकादमाची वॉकीटॉकी खरखरत होती, ती मला स्पष्ट ऐकू येत होती. साहेब म्हणत होते सोड. खलाशी म्हणत होता थोडं डावीकडे. मुकादम आणखी कुणावर तरी ओरडत होता. मी ओरडलो, पण त्या कालव्यात कोणाला ऐकू गेलं नाही, मग डोळे मिटले. मला मेहुण्याच्या तोंडून काय येणार ते पाठ होतं.

"थांबा," वॉकीटॉकीतून त्याचा आवाज आला. "नाही समजलं."

साहेबांनी तेच पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. खलाशानेही सांगितलं, त्याच वेळी. "नाही समजलं," तो म्हणाला. साहेबांनी शिवी दिली, सोड म्हणाले, इतकी माणसं खोळंबलीत म्हणाले. त्याचं वाक्य तेच होतं. मग तो बोलायचाच थांबला आणि क्रेनचा भोंगा वाजवायला लागला. भिंत जिथे होती तिथेच लटकत राहिली. भोंगा ऐकून साइटवरचं सगळं काम थांबलं, वॉकीटॉक्याही गप्प झाल्या. शेवटी तो नवा खलाशी पुढे उघड्यावर आला आणि त्याने हात वर केला. त्याला इशारे येत होते, आजवर कोणी मागितले नव्हते इतकंच. त्याने हात आडवा हलवला, थांब. मग खड्ड्यात वाकून पाहिलं आणि आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. आम्ही एकेक करून शिडीने वर आलो. मग भिंत खाली आली, इतकी अलगद की धूळ उडाली नाही.

कोणाला खरचटलंही नाही. आणि तेच त्याच्या विरोधात गेलं. संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं तेव्हा साहेब शांत होते. म्हणाले, भिंत तशीही बाहेरच्या कडेलाच उतरायची होती, खड्ड्यात कोणाला काही झालं नसतं. खरं असेल किंवा नसेल, आता कोण सांगणार? मी भडकलो, खूप काही बोललो, साहेबांनी ते कानाआड केलं. मग ते मेहुण्याकडे वळले. समजावणीच्या सुरात म्हणाले की तू जुना माणूस आहेस, झालं गेलं विसरू. उद्यापासून वॉकीटॉकीवर सांगू तसं करायचं, मध्येच थांबायचं नाही. "समजलं ना?"

माझी बायको दारात उभी होती. बातमी कळताच ती धावत आली होती. भाऊ काय म्हणणार म्हणून ती त्याच्या ओठांकडे बघत होती. एक हो, आणि क्रेनची केबिन त्याची, खुर्ची त्याची, तो सूर त्याचा.

"समजलं," तो म्हणाला. "पण मी तसं करणार नाही. एका वेळी एक जण बोलणार असेल तर वर चढेन."

साहेबांनी खांदे उडवले. त्याने क्रेनची किल्ली टेबलावर ठेवली आणि आम्ही तिघं बाहेर पडलो.

त्या आठवड्यात त्याच्या उलट्या थांबल्या. तो शनिवारी बैठकीला गेला, तिथे त्याने सगळं सांगितलं, आणि बाई आता त्याच्याबरोबर दुसऱ्या एका ठिकाणी कामाचं बोलायला जाणार आहेत. पण वर जायला मिळत नाही याचं त्याला दुःख आहे. तो ते लपवत नाही. गच्चीवर उभा राहून तो लांबवर फिरणाऱ्या क्रेनच्या दांड्याकडे बघत असतो, आणि विचारलं तर सांगतो, मला वाईट वाटतंय.

मला मात्र कामावर जावंच लागतं. परवा बायकोने डबा हातात दिला आणि तो सोडला नाही. म्हणाली, "तो नवीन आलेला क्रेनवाला. त्याला नाही समजलं तर तो थांबतो का?"

"विचारलं मी," मी म्हणालो. "हो म्हणाला."